पहाटेची यादी: उत्तर आयर्लंड, ९ ऑगस्ट १९७१



९ ऑगस्ट म्हटले की आपल्याला १९४२ आठवते. मुंबईत गवालिया टँकवर ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गांधीजींसह काँग्रेसची सगळी वरची फळी उचलली गेली. आरोपपत्र नाही, खटला नाही. महायुद्ध चालू होते आणि सरकारच्या हातात भारत संरक्षण नियम होते, तेवढे पुरेसे होते. खास आगगाडीतून गांधीजींना चिंचवडला उतरवून आगाखान पॅलेसमध्ये नेले आणि कार्यकारिणीला अहमदनगरच्या किल्ल्यात. पुढे काय झाले ते साताऱ्याकडच्या माणसाला सांगायला नको. वडीलधारी आत गेली, सूत्रे तरण्या आणि भूमिगत पोरांच्या हाती आली. क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार हे त्या अटकसत्रानंतरचे अपत्य आहे.

आज मी सांगणार आहे ती कथाही ९ ऑगस्टचीच, पण २९ वर्षांनंतरची. पहाट तशीच आणि सरकारही तेच, ब्रिटिश. गाव मात्र बेलफास्ट. दोन्हींतले लोक सारखे होते असे मी म्हणत नाही. अहमदनगरच्या किल्ल्यातली माणसे आणि बेलफास्टचे बाँब पेरणारे यांची तुलना करायचा माझा विचार नाही. मला रस आहे तो सरकारच्या डोक्यात त्या पहाटे काय चालले होते यात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आपल्या मालिकेचे बरेच श्रोते फौजेतले किंवा फौजेच्या घरातले आहेत. युद्धात माणसाला आरोप न ठेवता डांबणे यात मुळात काही गैर नाही. त्याच १९७१ सालच्या डिसेंबरात आपण ढाक्याला सुमारे ९३ हजार जण ताब्यात घेतले. त्यांत सैनिक होते, निमलष्करी होते, काही मुलकी माणसेही होती. त्यांतल्या कुठल्या शिपायावर आपण आरोपपत्र ठेवले? कोणावरच नाही. युद्धकैदी हा गुन्हेगार नसतो. तो परत जाऊन बंदूक उचलू नये एवढ्यासाठी त्याला ठेवायचे, नीट ठेवायचे, रेडक्रॉसला दाखवायचे आणि भांडण मिटले की परत पाठवायचे. १९७३ च्या ऑगस्टमध्ये दिल्ली करार झाला आणि पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत ते परत गेलेही. ही पद्धत चालते, कारण तीत एक प्रश्न कधी उभाच राहत नाही: हा माणूस खरेच शत्रूचा आहे का? गणवेश आहे, क्रमांक आहे, युनिट आहे. तो स्वतःच आपला हुद्दा सांगतो.

आता गणवेश काढून टाका. माणूस घरात झोपलेला आहे. शेजारी बायको आहे, खालच्या खोलीत पोरे आहेत. तो शत्रू आहे हे तुम्हाला कोण सांगणार? यादी सांगणार. सगळा खेळ त्या यादीचा.

उत्तर आयर्लंड म्हणजे आयर्लंड बेटाच्या ईशान्येचे सहा परगणे. १९२१ ला फाळणी झाली तेव्हा हे सहा ब्रिटनकडे राहिले. १९७१ मध्ये वस्ती १५ लाखांच्या आसपास होती, त्यातले साधारण दोन तृतीयांश प्रॉटेस्टंट आणि उरलेले कॅथलिक. स्टॉरमाँट इथे त्यांचे स्वतंत्र विधिमंडळ होते आणि तिथे पन्नास वर्षे एकाच पक्षाचे, प्रॉटेस्टंट युनियनिस्टांचे राज्य. त्या सरकारने १९२२ सालीच एक विशेषाधिकार कायदा करून ठेवला होता. त्यात वॉरंटशिवाय अटक होती आणि खटल्याशिवाय अमर्याद स्थानबद्धताही. कायदा तात्पुरता म्हणून आला आणि पन्नास वर्षे राहिला. तात्पुरत्या कायद्यांना फार आयुष्य असते, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

१९६८ पासून कॅथलिकांचे नागरी हक्कांचे मोर्चे सुरू झाले, दंगली पेटल्या आणि १९६९ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश फौज रस्त्यावर उतरली. सुरुवातीला कॅथलिक मोहल्ल्यांतल्या बाया जवानांना चहा देत होत्या. हे खोटे वाटेल, पण तसेच घडले आहे. फौज आपल्याला दंगलखोरांपासून वाचवायला आली अशी त्यांची समजूत होती. त्याच वर्षाच्या अखेरीस आयरिश रिपब्लिकन आर्मी फुटली. जुने, डाव्या विचारांचे लोक ‘ऑफिशियल’ झाले आणि बंदुकीवर भरवसा असलेले ‘प्रोव्हिजनल’. १९७१ च्या फेब्रुवारीत पहिला ब्रिटिश जवान मारला गेला. मार्चमध्ये सुट्टीवर असलेल्या तीन कोवळ्या स्कॉटिश शिपायांना दारूच्या गुत्त्यातून बाहेर नेऊन गोळ्या घातल्या. स्टॉरमाँटचा पंतप्रधान त्या प्रकरणानंतर गेला आणि ब्रायन फॉकनर आला.

हा फॉकनर नीट समजून घ्यायला हवा. १९५६ ते १९६२ या काळात आयआरएने सीमेवर एक मोहीम चालवली होती. तेव्हा स्थानबद्धता वापरली गेली आणि मोहीम विझली. त्या मोहिमेच्या उत्तरार्धात गृहमंत्री होता फॉकनर. त्यामुळे त्याच्या डोक्यात पक्के बसले होते की हे औषध लागू पडते. एकदा लागू पडलेले औषध माणूस पुन्हा मागतो, दुखणे बदलले आहे का ते पाहत नाही. पन्नासच्या दशकात सीमेच्या पलीकडे डब्लिनच्या सरकारनेही आपल्या बाजूच्या लोकांना डांबले होते, म्हणजे चिमट्याची दोन्ही पाती मिटली होती. आणि मुख्य म्हणजे तेव्हा कॅथलिक वस्तीचा त्या मोहिमेला फारसा पाठिंबाच नव्हता. १९७१ मध्ये यातले काहीच उरलेले नव्हते. डब्लिन साथ देणार नव्हते आणि बेलफास्टच्या गल्ल्या धुमसत होत्या.

फौजेचे मत काय होते? ५ ऑगस्टला लंडनला डाउनिंग स्ट्रीटवर बैठक झाली. ब्रिटनचे पंतप्रधान एडवर्ड हीथ, फॉकनर, सेनादलप्रमुख जनरल कार्व्हर आणि उत्तर आयर्लंडचे सेनापती लेफ्टनंट जनरल हॅरी टुझो हे सगळे हजर होते. लष्करी दृष्टीने हे पाऊल अत्यावश्यक आहे असे म्हणता येणार नाही, असा सेनापतींचा सल्ला होता. तरी निर्णय झाला. फॉकनरची खुर्ची डळमळत होती, त्याच्या पक्षातले कडवे लोक ‘काहीतरी करा’ म्हणून ओरडत होते आणि तो पडला तर लंडनला थेट कारभार हाती घ्यावा लागला असता. सेनापतीने नको म्हटलेली मोहीम मंत्र्याची खुर्ची वाचवायला झाली, इतके साधे आहे ते. हीथनी बदल्यात मोर्च्यांवर सहा महिने बंदी घालून घेतली. काही प्रॉटेस्टंट हिंसक गटवालेही धरा, असे लंडनहून सुचवले गेले होते. फॉकनरने ते केले नाही.

आता यादीकडे येऊ. यादी केली पोलिसांच्या विशेष शाखेने. तीत सुमारे साडेचारशे नावे होती. विशेष शाखेच्या कपाटात जे होते तेच यादीत उतरले, आणि कपाटात होती पन्नासच्या दशकातली माणसे. म्हणजे वयस्कर, निवृत्त झालेले आणि सभांना हजर राहणारे. नागरी हक्क चळवळीतले बोलके लोकही होते, कारण बोलणाऱ्याचे नाव पोलिसांना सहज मिळते. मायकेल फॅरेल हा डाव्या विद्यार्थी चळवळीचा पुढारी असाच उचलला गेला. प्रोव्हिजनल आयआरए जेमतेम दीड वर्षाची होती. तिच्यात भरती झालेली १८-१९ वर्षांची पोरे कुठल्याच कपाटात नव्हती.

इथे एक आठवण सांगतो. मी कंपनी कमांडर असताना एका गावाला पहाटे घेरा घातला होता. हातात यादी, यादीत एक नाव, बापाचे नावही दिलेले. गावात त्या नावाचे तिघे निघाले आणि त्यातल्या दोघांच्या बापांचे नावही एकच. नाव देणारा आमच्याबरोबर नव्हता. पहाटे चार वाजता तीन घरांतल्या बाया दारात उभ्या राहून माझ्याकडे पाहत होत्या. मी तिघांनाही बसवून ठेवले. दुपारपर्यंत दोघे सुटले, तिसराही चार दिवसांनी सुटला, कारण ज्याला शोधत होतो तो त्यातला नव्हताच. त्या चार दिवसांत त्या गावात माझ्या कंपनीला कोणी पाणी विचारले नाही. पुढचे सहा महिने तिथून एकही बातमी मिळाली नाही.

तर बेलफास्टमध्ये मोहिमेला नाव होते ‘ऑपरेशन डिमिट्रियस’. त्याआधी २३ जुलैला फौजेने ठिकठिकाणी छापे घातले होते, रंगीत तालीम म्हणा ना. तालीम बघून आयआरएचे मुख्य लोक सावध झाले आणि घरी झोपायचे बंद झाले. ९ ऑगस्टला पहाटे चारच्या सुमारास जवान दरवाजे फोडून आत घुसले. पहिल्या झडतीत ३४२ जण धरले गेले. मुलगा सापडला नाही म्हणून बापाला नेले, असेही प्रकार झाले. ४८ तासांच्या आत त्यातल्या शंभराहून अधिक लोकांना सोडून द्यावे लागले. एकही प्रॉटेस्टंट हिंसक गटवाला त्यांत नव्हता. चारच दिवसांनी, १३ ऑगस्टला, प्रोव्हिजनलांचा बेलफास्टमधला म्होरक्या जो काहिल याने बॅलीमर्फीतल्या एका शाळेत चक्क पत्रकार परिषद घेतली आणि आमची फारच थोडी माणसे गेली असे सांगून निघून गेला. ज्याला पकडायला हजारो जवान बाहेर पडले होते तो पत्रकारांपुढे बसला होता. एखाद्या मोहिमेचा याहून मोठा पंचनामा मला माहीत नाही.

सकाळ होईपर्यंत रस्त्यांवर आगी होत्या. कचऱ्याच्या डब्यांची झाकणे फरशीवर आपटून बायांनी गल्लोगल्ली फौज आल्याची खबर पोहोचवली. पुढच्या काही दिवसांत हजारो लोक घरे सोडून पळाले. कॅथलिक पळाले आणि प्रॉटेस्टंटही, कित्येकांनी तर जाताना स्वतःची घरे पेटवून दिली. बॅलीमर्फीत ९ ते ११ ऑगस्टच्या दरम्यान दहा जण गोळ्या लागून मेले. जखमीला मदत करायला गेलेला एक पाद्री त्यात होता, आठ मुलांची आई होती. ते बंदूकधारी होते असे तेव्हा सांगितले गेले. २०२१ च्या मे महिन्यात, म्हणजे पन्नास वर्षांनी, न्यायालयीन मृत्युचौकशीत निकाल लागला की दहाही जण पूर्ण निर्दोष होते. दहापैकी नऊ जण फौजेच्या गोळीने मेले होते. पॅराशूट रेजिमेंट हे नाव मी आदराने घेत आलो आहे. आर्नहेमची ती रेजिमेंट. ते नाव या निकालात वाचताना मला बरे वाटले नाही.

आता आकडे पाहा. १९७१ मध्ये ९ ऑगस्टपर्यंत उत्तर आयर्लंडमध्ये तिसेक माणसे मेली होती. उरलेल्या पाच महिन्यांत सव्वाशेहून अधिक मेली. १९७२ साली साडेचारशेहून अधिक, आणि ते त्या सबंध तीस वर्षांच्या संघर्षातले सर्वांत वाईट वर्ष. सगळा दोष त्या एका पहाटेवर टाकणे बरोबर नाही, हिंसाचार आधीच चढत होता. पण आयआरएला भरतीसाठी रांगा मिळाल्या त्या यानंतर. साध्यासुध्या कॅथलिक कुटुंबांनी सरकारी घरांची भाडी भरणे बंद केले. ३० जानेवारी १९७२ ला डेरीत जो मोर्चा निघाला, ज्यात पॅराशूट रेजिमेंटने गोळीबार केला आणि तेरा जण जागीच गेले, तो मोर्चा कशाविरुद्ध होता? याच स्थानबद्धतेविरुद्ध. दोन महिन्यांत लंडनने स्टॉरमाँट गुंडाळले. ज्या खुर्चीसाठी हे सगळे केले ती खुर्ची आठ महिनेही टिकली नाही.

धरलेल्यांना ठेवायला जागाही नव्हती. काहींना बेलफास्ट बंदरात नांगरलेल्या ‘मेडस्टोन’ या जुन्या जहाजावर कोंबले. १९७२ च्या जानेवारीत त्यातले सात जण थंड पाण्यात उडी मारून पोहत निसटले. बाकीचे लाँग केश इथे. हा जुना विमानतळ, अर्धगोल पत्र्यांच्या झोपड्या, भोवती काटेरी तारा. आत ते स्वतःचे नायक निवडत, कवायत करत, वर्ग चालवत. कोणी आयरिश भाषा शिकवी, कोणी स्फोटके. आत जाताना जो नुसता संशयित होता तो बाहेर येताना बहुधा प्रशिक्षित होऊन आला. युद्धकैद्यासारखी राहणी दिली, पण युद्धकैदी म्हणायचे नाही. म्हटले तर युद्ध आहे असे कबूल करावे लागते. सरकारने दोन्ही बाजूंची सोय पाहिली आणि दोन्हींकडून फसले.

यानंतरचा भाग अधिक काळा आहे. धरलेल्यांतून बारा जणांना वेगळे काढले, ऑक्टोबरात आणखी दोघांना. डोक्यावर जाड पिशव्या चढवून हेलिकॉप्टरने एका अज्ञात जागी नेले. ती जागा बॅलीकेलीची लष्करी छावणी होती, हे कागदपत्रांतून बाहेर यायला चार दशके लागली. तिथे पाच गोष्टी केल्या. भिंतीला बोटे टेकवून, पाय फाकून तासन्‌तास उभे करणे. डोक्यावर पिशवी. सतत एकसुरी कर्कश आवाज. झोप नाही. आणि खाणेपिणे जवळजवळ नाही. दोघांच्या बाबतीत भिंतीशी उभे राहण्याची बेरीज वीस ते तीस तास भरली. हे तंत्र पोलिसांना शिकवले ब्रिटिश लष्करी गुप्तचर केंद्राने, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, आणि तोंडी. कागदावर काहीही नाही. फौजेत तोंडी शिकवलेली आणि कागदावर न आलेली गोष्ट दिसली की मला नेहमी शंका येते. ज्याला सही करायची लाज वाटते तो हुकूम तोंडी येतो.

चौकश्या झाल्या. नोव्हेंबर १९७१ च्या कॉम्प्टन अहवालाने मान्य केले की शारीरिक गैरवागणूक झाली, पण क्रौर्य झाले नाही. का? तर क्रौर्यासाठी करणाऱ्याला त्यात आनंद वाटायला हवा किंवा तो बेपर्वा हवा! पुढे लॉर्ड पार्कर यांची तीन जणांची समिती बसली. ही तंत्रे पॅलेस्टाईन, मलाया, केनिया, सायप्रस, एडन अशा वसाहतींतून फिरत आली आहेत हे तिच्या अहवालात नोंदले गेले. दोघा सदस्यांनी मर्यादा घालून वापरायला हरकत नाही असे म्हटले. तिसरे लॉर्ड गार्डिनर यांनी वेगळे मत लिहिले की हे बेकायदा आहे आणि नैतिकदृष्ट्याही समर्थनीय नाही. २ मार्च १९७२ ला हीथनी संसदेत उभे राहून एकट्या गार्डिनर यांचे मत मानले आणि पाचही प्रकार बंद केले. हे त्यांचे श्रेय आहे, ते द्यायलाच हवे. बहुमत सोयीचे असताना अल्पमत उचलणारे पंतप्रधान थोडे.

आयरिश सरकार ब्रिटनला युरोपच्या मानवी हक्क यंत्रणेपुढे घेऊन गेले. १९७६ मध्ये आयोगाने याला छळ म्हटले. १८ जानेवारी १९७८ ला न्यायालयाने शब्द बदलला. अमानुष आणि मानहानिकारक वागणूक आहे, असे सोळा विरुद्ध एक मताने, पण छळ नाही, असे तेरा विरुद्ध चार मताने. मूळ स्थानबद्धता मात्र आणीबाणीच्या परिस्थितीत चालेल असाच न्यायालयाचा कौल होता, हे लोक विसरतात. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ९ ऑगस्टची पहाट निभावून गेली. बातमीदार, मोहल्ला आणि वेळ यांच्या दृष्टीने नाही.

‘छळ नाही’ हे दोन शब्द मात्र लांब गेले. १ ऑगस्ट २००२ ला अमेरिकेच्या न्याय खात्यातल्या वकिलांनी चौकशीच्या पद्धतींवर जे कुप्रसिद्ध टिपण लिहिले त्यात या निकालाचा आधार घेतलेला आहे. तेव्हा ग्वांतानामोचा तळ सुरू होऊन सात महिने होत आले होते. तिथे एकूण सुमारे ७८० जण आले. त्यांतले बहुतेक कधीही आरोप न ठेवता परत गेले. त्यातही याद्या होत्या, आणि बक्षिसाच्या रकमेसाठी हवाली केलेली माणसे होती. तो वेगळ्या भागाचा विषय आहे.

उत्तर आयर्लंडमध्ये ५ डिसेंबर १९७५ ला शेवटचे स्थानबद्ध सुटले. सव्वाचार वर्षांत एकूण १,९८१ जण डांबले गेले. त्यांत १,८७४ कॅथलिक-राष्ट्रवादी बाजूचे आणि १०७ प्रॉटेस्टंट बाजूचे. पहिला प्रॉटेस्टंट गटवाला आत गेला तो फेब्रुवारी १९७३ मध्ये, दीड वर्षाने.

या १,९८१ मध्ये एक जेरी अ‍ॅडम्स होता, पुढे सिन फेनचा अध्यक्ष झालेला. १९७२ च्या जूनमध्ये ब्रिटिशांनीच त्याला लाँग केशमधून सोडले, का, तर लंडनला गुप्त वाटाघाटींना बसायला शिष्टमंडळात तो हवा होता म्हणून. बोलणी फसली. १९७३ मध्ये त्याला पुन्हा डांबले, त्याने दोनदा पळायचा प्रयत्न केला आणि त्याबद्दल १९७५ मध्ये त्याला शिक्षा झाली. पळण्याबद्दल शिक्षा, मूळ डांबण्याबद्दल आरोप कधीच नाही. २०२० च्या मे महिन्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. कारण काय? कायद्याप्रमाणे डांबण्याच्या हुकुमाचा विचार खुद्द मंत्र्याने करायला हवा होता. कागदावर सही होती त्याच्या हाताखालच्या राज्यमंत्र्याची. मोठ्या साहेबांनी ते प्रकरण स्वतः पाहिले होते याचा पुरावा नव्हता.